झाकलं तर तापतं, उघडं ठेवलं तर बरबटतं

गाडीत स्टिअरिंगच्या मागे जिथे स्पीडोमीटर आणि पेट्रोलचा काटा असतो, त्या भागाला आपण डॅशबोर्ड म्हणतो. हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडी पळू लागली की घोड्याच्या मागच्या टापांनी उडवलेला चिखल थेट हाकणाऱ्याच्या अंगावर यायचा. तो अडवण्यासाठी त्याच्या पायांपुढे लाकडाची किंवा चामड्याची एक उभी फळी ठोकलेली असे. इंग्रजीत 'डॅश' म्हणजे जोरात आपटणं, म्हणून येऊन आपटणारा चिखल अडवणारी ती फळी झाली डॅशबोर्ड.

१८८६ मध्ये कार्ल बेंझच्या तीनचाकीत इंजिन मागे होतं. १८९१ च्या सुमारास फ्रान्समध्ये पानार-लव्हासोरच्या गाडीत ते पुढे आलं, म्हणजे जिथे घोडा असायचा साधारण तिथेच. फळी तिच्या जागी राहिली, पण तिला दुसरं काम लागलं. आता तिला इंजिनाची धग, धूर आणि उडणारं तेल अडवायचं होतं. चिखल अडवायला जन्मलेली फळी उष्णता अडवू लागली.

मला या फळीची गोष्ट फार आवडते, कारण सुरुवातीच्या मोटारी बनवणाऱ्यांपुढचं सगळं कोडं तिच्यात आहे. चिखल बाहेर ठेवायचा तर झाकावं लागतं. झाकलं की हवा कोंडते आणि इंजिन तापतं. उघडं ठेवलं तर थंड राहतं, पण बरबटतं, गंजतं, विजेच्या तारा ओल्या होऊन गाडी बंद पडते. कागदावर दोन्ही बाजूंनी कितीही वाद घालता येतो. कुठे किती झाकायचं हे त्या लोकांना गाड्या चिखलात, डोंगरात आणि बर्फात नेऊनच कळलं.

आधी चिखलाचं पाहू. बैलगाडी अख्खा पावसाळा चिखलातून जाते, पण गाडीवानाच्या डोक्यावर चिखल उडत नाही. चाकाला चिकटलेले गोळे थोडे वर जातात आणि तिथूनच खाली पडतात. मोटारीचं चाक बैलगाडीच्या चाकापेक्षा लहान असूनही चिखल उंच का उडवतं?

चाक म्हणजे फिरणारी गोफण आहे. गोफणीतला गुंडा सुटला की ज्या दिशेला त्या क्षणी चालला होता त्या दिशेने सरळ निघतो. टायरला चिकटलेला चिखलही तसाच सुटतो. गाडीतून पाहिलं तर सुटताना त्याचा वेग चाकाच्या कडेच्या वेगाइतका, म्हणजे गाडीच्या वेगाइतका असतो. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांचं चाक साधारण ३० इंच व्यासाचं होतं. एवढ्या चाकाचं गणित मांडलं तर ताशी ७ किलोमीटरपर्यंत चिखल चाकाच्या माथ्यापेक्षा वर जाऊच शकत नाही. बैलगाडीचं चाक मोठं असल्यामुळे तिच्यासाठी ही मर्यादा ताशी १० च्या आसपास येते, आणि बैल तर माणसाच्या चालीने चालतात. म्हणून बैलगाडीला मडगार्ड लागत नाही.

त्या मर्यादेपलीकडे मात्र उंची झपाट्याने वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला की उंची जवळजवळ चौपट. इंग्लंडमध्ये १८९६ च्या कायद्यानंतर मोटारींना प्रत्यक्षात ताशी १२ मैलांची, म्हणजे १९ किलोमीटरची मर्यादा होती. या वेगाला चिखल, हवेचा विरोध धरला नाही तर, जमिनीपासून सुमारे १.९ मीटर उंच जाऊ शकतो, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्याइतका. १९०३ च्या कायद्याने मर्यादा ताशी २० मैल केली. वेग वाढला फक्त दोन तृतीयांशाने, पण चिखलाची उंची गेली साडेचार मीटरवर. हवेमुळे बारीक थेंब एवढे वर पोचत नाहीत, ढेकळं मात्र बरीच वर जातात. शिवाय या वेगाला टायरवरच्या चिखलावर बाहेरच्या दिशेने त्याच्या वजनाच्या सुमारे २१ पट ओढ पडते. त्यामुळे एरवी चिकटून राहणारी चिकट मातीही सुटते.

तो चिखल पडतो कुठे, हे आणखी महत्त्वाचं आहे. गाडीत बसून चाकाकडे पाहिलं तर चाकाची मागची कड खालून वर जाताना दिसते आणि माथा पुढे जाताना. मागच्या कडेवरून सुटलेला चिखल आपल्याला सरळ वर जाताना दिसेल आणि समोरचा वारा त्याला मागे ढकलेल. पुढच्या चाकाच्या मागे कोण बसलेलं असतं? चालवणारा. माथ्यावरून सुटलेला चिखल गाडीच्याही पुढे उडतो, रस्त्याच्या हिशोबाने गाडीच्या दुप्पट वेगाने. मग तो हवेत मंदावतो आणि गाडी स्वतःच त्याच्यात जाऊन शिरते. म्हणून पुढच्या चाकावर नुसती अर्धगोल पट्टी बसवून भागेना. ती मागे खालपर्यंत उतरवावी लागली, पुढेही थोडी ओढून घ्यावी लागली. पुढच्या आणि मागच्या मडगार्डांच्या मध्ये पाय ठेवायची लांब फळी आली, आणि ती फळी व चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, यांच्यातली फट बंद करायला एक उभा पत्रा आला. जुन्या मोटारीच्या बाजूने जी लाटेसारखी सलग रेषा जाते आणि जिच्या देखणेपणाबद्दल आपण बोलतो, ती चिखलाने आखून दिलेली आहे.

हे घरी पडताळून पाहता येतं. मडगार्ड काढलेली सायकल उलटी करून मागच्या चाकावर पातळ चुना किंवा गेरूचं पाणी ओता. चाकाभोवती वर्तमानपत्रं उभी करा आणि पॅडल हाताने फिरवा. हळू फिरवलं तर डाग चाकाच्या उंचीतच राहतात. वेग वाढवला की वर चढतात, आणि एका ठरावीक पट्ट्यात दाट होतात. मग पुठ्ठ्याचं मडगार्ड धरून तेच पुन्हा करा, त्याची लांबी प्रत्येक वेळी चार बोटं कमी करत जा. एका टप्प्यावर कागद एकदम बरबटतो. त्या टप्प्याआधीची लांबी ही तुमच्या मडगार्डची खरी गरज. बदल एका वेळी एकच करायचा, वेग तोच ठेवायचा आणि कागद जपून ठेवायचे, एवढं पाळलं की ती रीतसर चाचणी झाली.

बाजूला उडणारा चिखल मात्र वेगळ्या कारणाने उडतो. दोन तळहातांत पाणी घेऊन टाळी वाजवली की ते कडेने जसं पिचकतं, तसं टायर आणि रस्ता यांच्यात दाबलेलं डबक्याचं पाणी बाजूला पिचकतं. चाकावर कितीही मोठं मडगार्ड घातलं तरी याला काही फरक पडत नाही. आतल्या लोकांचे कपडे वाचले, पण फुटपाथवरच्या माणसाचे आणि दुकानांच्या दर्शनी भागांचे वाचले नाहीत. माझ्या मते हा प्रश्न आजही सुटलेला नाही. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या कुणालाही विचारा.

आता मडगार्ड चाकाच्या किती जवळ असावं? जवळ असेल तर चिखल चांगला अडतो. पण जवळ असलेल्या मडगार्डात चिकट माती ठासून बसते आणि शेवटी चाकच फिरेनासं होतं. हे विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत सायकल चालवलेल्यांना मी सांगायची गरज नाही. चार पावलं गेलं की उतरायचं, काडीने माती काढायची, पुन्हा चार पावलं. शेवटी सायकल खांद्यावर. डांबरी रस्त्यावर उत्तम ठरलेलं मडगार्ड शेतातल्या वाटेवर ब्रेकचं काम करतं. म्हणून मडगार्डची परीक्षा एका प्रकारच्या चिखलात घेऊन चालत नाही. पातळ, रस्त्यावरचा सहज धुऊन जाणारा चिखल वेगळा आणि लोण्यासारखी चिकटणारी माती वेगळी. एकाला मडगार्ड जवळ हवं, दुसरीला लांब.

हा पेच सोडवण्याची सर्वांत धीट तऱ्हा १९०७ च्या पेकिंग–पॅरिस मोहिमेत दिसली. इटलीचा राजपुत्र शिपिओने बोर्गेझे, त्याचा मेकॅनिक एत्तोरे ग्विझार्दी आणि पत्रकार लुइजी बारझिनी हे तिघे इटाला गाडीतून १० जून १९०७ रोजी पेकिंगहून निघाले आणि १० ऑगस्टला पॅरिसला पोचले. पाच गाड्यांत सर्वांत आधी. त्यांनी गाडीची नेहमीची मडगार्डं काढून टाकली होती. त्यांच्या जागी लांब लोखंडी पट्ट्या बसवल्या, ज्या सहज सोडवता यायच्या. गाडी रुतली की पट्ट्या काढून चाकांखाली घालायच्या. खड्डा किंवा ओहोळ आला की त्यांचाच छोटा पूल करायचा. चिखल अंगावर येऊ नये यापेक्षा चिखलातून बाहेर पडता यावं हे त्यांनी वरचं मानलं.

निघण्याआधी बोर्गेझेने घोड्यावरून पेकिंगच्या उत्तरेकडच्या डोंगरवाटा तपासल्या. त्याच्याजवळ गाडीच्या रुंदीइतका कापलेला बांबू होता. अरुंद जागा आली की बांबू आडवा धरायचा. बांबू गेला तर गाडी जाईल. चाचणी म्हटलं की आपल्याला यंत्रं आणि तक्ते आठवतात. मला हा बांबू आठवतो. नेमका प्रश्न काय आहे हे ज्याला कळलं, त्याला मोजायला एक बांबू पुरतो.

आता गाडीच्या पोटाखाली येऊ, कारण कोडं खरं तिथे आहे. मडगार्डने प्रवासी वाचले तरी खालून येणारा चिखल इंजिनावर उडतच राहतो. यावरचा उघड उपाय म्हणजे इंजिनाखाली पत्र्याचं ताट बसवणं. पण पेट्रोलच्या एकूण उष्णतेपैकी त्या काळी फार तर पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचायचा. बाकीची उष्णता काही धुराबरोबर जाते, काही पाण्यात आणि लोखंडात उतरते. २० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोर लावत असताना इंजिनाभोवतीचं गरम पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरला साधारण १५ किलोवॅट उष्णता हवेत सोडावी लागते असं धरा. म्हणजे आपल्या न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे सात-आठ गिझर एकदम चालू. हवेला बाहेर पडायची वाट नसेल तर पाणी उकळू लागतं, आणि मग दर अडीच मिनिटांना एक लिटर पाण्याची वाफ होते.

इंजिनाखालचं ताट नेमकी ही वाट अडवतं. पंख्याने पुढून ओढलेली हवा बॉनेटखाली शिरते आणि खालून निघून जाते. खाली ताट सलग असेल तर ती बॉनेटमध्येच घुटमळते. ताटात चिरा पाडल्या तर हवा जाते, पण चिखल येतो. मग चिरांना मागच्या दिशेने उघडणारी झडपेसारखी पाती ठेवायची, म्हणजे हवा मागे निसटेल आणि पुढून येणारा चिखल पात्याच्या पाठीवर आपटेल. बॉनेटच्या बाजूंना ज्या तिरप्या पट्ट्या दिसतात त्यांचं तत्त्व हेच. घराच्या खिडकीवरच्या तिरप्या पाट्या पाऊस अडवून वारा घेतात, तसंच.

रेडिएटर तर मुळातच चिखलाला तोंड देऊन बसलेला. १९०० च्या अखेरीस अभियंता विल्हेल्म मायबाखने मोटारींचा व्यापारी एमिल येलिनेकसाठी बनवलेल्या पहिल्या मर्सिडीजमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता. त्यात सहा बाय सहा मिलिमीटरच्या ८,०७० बारीक नळ्या होत्या. एवढ्या नळ्यांमुळे हवेला भिडणारं क्षेत्रफळ प्रचंड वाढलं आणि फक्त नऊ लिटर पाण्यात ३५ अश्वशक्तीचं इंजिन थंड राहू लागलं. मोटारीच्या इतिहासातली ही फार मोठी उडी होती. पण सहा मिलिमीटरच्या भोकात चिखलाचा एक थेंब वाळला की ते भोक बुजलंच. जी रचना उष्णता सर्वांत चांगली सोडते, तीच चिखलाने सर्वांत लवकर निकामी होते.

रेनोने वेगळी वाट धरली. बरीच वर्षं त्यांच्या गाड्यांत रेडिएटर इंजिनाच्या मागे, डॅशबोर्डला लागून असायचा. पुढे उतरतं बॉनेट, त्याला कुठे जाळी नाही, त्यामुळे चिखल आणि दगड लागायचा प्रश्नच नाही. चालवणाऱ्याला युरोपच्या हिवाळ्यात पायांशी ऊब मिळे ती वेगळीच. त्याच गाडीत उन्हाळ्यात बसणाऱ्याचे हाल काय होत असतील याची कल्पना मे महिन्यात इंजिनाशेजारच्या जागेवर बसून लाल एसटीने गेलेल्या प्रत्येकाला आहे. रेनोचा हा मार्ग १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत टिकला, त्यानंतर तेही रेडिएटर पुढे घेऊन आले.

घाटात हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. चढावर इंजिन पूर्ण जोर लावतं, पण गाडीचा वेग कमी असल्यामुळे वारा मिळत नाही. म्हणून त्या काळी गाडीची परीक्षा घ्यायची तर डोंगरात. १९०० मध्ये इंग्लंडमध्ये २३ एप्रिल ते १२ मे अशी हजार मैलांची चाचणी झाली, लंडनहून एडिंबरा आणि परत. १९०७ मध्ये रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट लंडन–ग्लासगो वाटेवर तिऱ्हाइतांच्या देखरेखीखाली पुन्हा पुन्हा धावली आणि तिने नाइलाजाने थांबावं न लागता १४,३७१ मैल काटले. मला त्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. गाडी सगळी खोलून प्रत्येक भागाची झीज मोजली गेली आणि दुरुस्तीचा खर्च निघाला दोन पौंडांच्या जरासा वर. नुसतं धावून दाखवणं आणि नंतर उघडून मोजणं यात फार फरक आहे.

आपल्याकडेही अशी परीक्षा झाली. १९०८ मध्ये मुंबई–कोल्हापूर मोटार चाचणी झाली, ६२० मैलांची, सह्याद्रीचे घाट चढत-उतरत. त्यात उतरलेली एक रोल्स-रॉइस पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली आणि ती 'पर्ल ऑफ द ईस्ट' म्हणून ओळखली गेली. डांबर नसलेले रस्ते, धूळ आणि चढ, अशा जागी चाललेली गाडी कुठेही चालेल हे विकणाऱ्यांनाही पटलेलं होतं. घाटमाथ्यावर बॉनेट उघडून, बाटलीतून रेडिएटरवर पाणी मारत उभी असलेली गाडी आपण अगदी काल-परवापर्यंत पाहिली आहे.

इथे विजेबद्दल थोडं. ठिणगीच्या प्लगला हजारो व्होल्टची वीज लागते. वीज नेहमी सोपी वाट शोधते. तारेवर ओला चिखल बसला की त्या चिखलातूनच ती चेसिसमध्ये पळते आणि प्लगवर ठिणगी पडत नाही. तारांवर रबर आणि कापड गुंडाळलेलं असे. उष्णतेने रबर तडकायचं आणि तडकलेल्या जागी ओल शिरायची. इंजिन झाकून जास्त तापू दिलं तर तारांचं रबर लवकर मरायचं, आणि उघडं ठेवलं तर त्याच तारांवर पाणी यायचं. फोर्डच्या टी मॉडेलमध्ये कॉइलची, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या गुंडाळ्यांची, पेटी लाकडाची होती. लाकूड कोरडं असताना वीज अडवतं, ओलं झालं की सोडतं. दमट हवेत त्या पेटीतूनच वीज गळायची. गाडी सुरू का होत नाही म्हणून लोक पेट्रोल तपासत बसायचे आणि खरा दोष दमट लाकडाचा असायचा.

टी मॉडेल १९०८ ते १९२७ अशी दीड कोटींच्या वर विकली गेली आणि त्यातल्या असंख्य गाड्या अमेरिकेच्या खेड्यांत, कच्च्या रस्त्यांवर चालल्या. २० अश्वशक्ती, उंच चेसिस, आणि पाणी फिरवायला सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पंपच नाही. गरम पाणी आपोआप वर जातं आणि थंड खाली येतं, त्यावर सगळं चालायचं. तिथल्या शेतकऱ्यांना उन्हाळ्यात उकळणाऱ्या आणि हिवाळ्यात गोठणाऱ्या त्याच रेडिएटरशी झगडावं लागे.

पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर किंवा इंजिनाचा ठोकळा फोडतं. म्हणून लोक रात्री सगळं पाणी काढून टाकायचे आणि सकाळी कोमट पाणी भरायचे. थंडीत तेलही घट्ट होई. टी मॉडेलचा क्लच तेलात बुडालेल्या तबकड्यांचा होता. घट्ट तेलामुळे त्या एकमेकींना चिकटत, आणि पुढे उभं राहून हँडल मारून इंजिन सुरू करणाऱ्याच्या अंगावरच गाडी सरकू लागे. त्यावर मागचं एक चाक जॅकवर उचलून ठेवायचं, हा उपाय लोकांनी अनुभवाने शोधला.

न गोठावं म्हणून पाण्यात अल्कोहोल मिसळायची पद्धत होती, आणि थंडीचा वारा लागू नये म्हणून रेडिएटरवर घोंगडी, पुठ्ठा किंवा शिवलेली झूल घालायची. दोन्ही उपाय वेगवेगळे पाहिले तर बरोबर आहेत. पण अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं, लाकडापासून काढलेलं तर ६५ लाच. रेडिएटर झाकल्यामुळे इंजिन छान उबदार होई आणि त्या उबेत अल्कोहोल उडून जाई. मालकाला वाटे आपलं पाणी सुरक्षित आहे. पुढच्या रात्री निव्वळ पाणी गोठायचं आणि रेडिएटर फुटायचा. दोन चांगले बदल एकत्र केले की त्यांचा परिणाम दोघांच्या बेरजेइतका असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक बदल एकटा तपासायचा आणि मग जोडीनेही तपासायचा. उच्च तापमानाला उकळणारं ग्लायकॉल १९२७ मध्ये प्रेस्टोन नावाने बाजारात आलं, तेव्हा हा प्रश्न मिटू लागला.

त्याआधी १९१२ च्या सुमारास एक साधं साधन आलं होतं, बॉइस मोटोमीटर. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला थर्मामीटर, चालवणाऱ्याला काचेतून लांबून दिसणारा. तोवर झूल किती घालावी हा अंदाजाचा मामला होता. वाफ दिसली की कळायचं, पण तेव्हा उशीर झालेला असे. आता झूल अर्धी सरकवली तर पारा किती चढतो हे दिसू लागलं. मला हा शोध रेडिएटरच्या कुठल्याही सुधारणेइतकाच मोठा वाटतो.

झाकणं आणि उघडणं यातला झगडा सर्वांत टोकाला गेला तो अंटार्क्टिकात. अर्नेस्ट शॅकल्टनने १९०७ मध्ये निघालेल्या निम्रोद मोहिमेत अॅरल-जॉन्स्टन कंपनीची १२-१५ अश्वशक्तीची मोटार नेली. त्या खंडावर पोचलेली ती पहिली मोटार. पाणी गोठणारच म्हणून इंजिन हवेने थंड होणारं होतं. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरभोवती एक छोटा कोट घातला होता आणि एका सिलिंडरचा गरम धूर त्यातून फिरवला होता, म्हणजे पेट्रोलची वाफ नीट व्हावी. उरलेल्या सिलिंडरांचा धूर ज्या सायलेन्सरमधून जायचा तो चालवणाऱ्याच्या पायांशी ठेवला होता, शेगडीसारखा. न गोठणारं तेल खास बनवून घेतलं होतं. चाकंही अनेक प्रकारची होती, आणि मऊ बर्फासाठी पुढच्या चाकांखाली घालायला लाकडी घसरपट्ट्या.

मेकॅनिक बर्नार्ड डे याने ती गाडी चालवली. उष्णतेच्या बाजूने केलेले उपाय पुष्कळ अंशी चालले, इंजिन सुरू होई. हरवलं ते मऊ बर्फाने. मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करायची आणि गाडी रुतायची. पण गोठलेल्या समुद्राच्या टणक बर्फावर तिने ओझी ओढून नेण्याचं खरंच उपयोगाचं काम केलं. चिखलात जे इटालाला भोगावं लागलं तेच इथे बर्फात, फक्त तापमान शून्याखाली.

त्यानंतर कॅप्टन स्कॉटने चाकांऐवजी साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या नेल्या. १९१० मध्ये नॉर्वेत फेफोरला त्यांची चाचणी घेतली होती. एक ८ जानेवारी १९११ रोजी जहाजातून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली. उरलेल्या दोन २४ ऑक्टोबर १९११ ला निघाल्या. पट्ट्यांमुळे रुतण्याचा प्रश्न सुटला होता, आता इंजिनाने दगा दिला. एवढ्या थंडीतही हवेने थंड होणारे सिलिंडर थोड्या अंतरात इतके तापत की थांबावं लागे. इंजिन थंड होईपर्यंत थांबलं की तेवढ्यात कार्बोरेटर गार पडे आणि गाडी सुरू होईना. एका हाताने थंडावा द्यायचा, दुसऱ्या हाताने ऊब, आणि दोन्ही जागा एकमेकींपासून वीतभर लांब. शेवटी इंजिनातले सांधे तुटले आणि दोन्ही गाड्या काही दिवसांतच बर्फावर सोडून द्याव्या लागल्या. नॉर्वेच्या थंडीत उत्तीर्ण झालेली गोष्ट अंटार्क्टिकाच्या थंडीत, पूर्ण ओझ्यासह, दिवसभर चालेल असं नसतं. त्या माणसांनी पुढचं ओझं स्वतः ओढलं, हे वाचताना माझ्या पोटात आजही तुटतं.

या सगळ्या अनुभवातून वाट निघाली ती कायमचं झाकणं आणि कायमचं उघडं ठेवणं या दोन्हींच्या मधून. रेडिएटरपुढे खिडकीच्या झडपांसारखी पाती आली, जी थंडीत मिटायची आणि तापल्यावर उघडायची, आधी हाताने आणि पुढे आपोआप. पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट आला. १९१४ मध्ये आलेल्या कॅडिलॅकच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात तो होता. इंजिन गार असताना तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो आणि तापल्यावर उघडतो. मग इंजिन झाकलेलं असो वा उघडं, ते जरुरीपेक्षा गार राहणार नाही एवढं ठरवता येऊ लागलं.

याच काळात माणसं बसायची जागाही झाकली गेली. १९१९ मध्ये अमेरिकेत दहातल्या नऊ गाड्या वरून आणि बाजूंनी उघड्या होत्या. १९२७ पर्यंत चित्र उलटलं आणि पाचातल्या चारांहून जास्त गाड्या बंद झाल्या. बंद गाडीत चिखल येत नाही, पण इंजिनाची धग, आवाज आणि पेट्रोलचा वास येतो. म्हणून त्या जुन्या डॅशबोर्डच्या फळीची पोलादी भिंत झाली, आणि तिला नमदा, बुचाचं लाकूड आणि अॅस्बेस्टॉस लावून धग अडवू लागले. अॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जाऊन माणसं मरतात हे पुढे नीट कळलं आणि ते काढावं लागलं. तोवर ते गॅरेजमध्ये काम करणाऱ्या कितीतरी लोकांच्या श्वासात गेलेलं होतं.

राहिला गंज. मडगार्डच्या आतल्या बाजूला, वळणाच्या कोपऱ्यात ओला चिखल अडकून बसतो आणि आठवडाभर सुकत नाही. पत्रा बाहेरून चकचकीत असतो आणि आतून खाल्ला जातो. जुन्या गाड्यांचे पत्रे कडेने का सडतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. आत शिरलेलं पाणी बाहेर जायला वाट हवी, म्हणून पत्र्याच्या सर्वांत खालच्या जागी भोकं ठेवतात. तुमच्या गाडीच्या दरवाजांच्या खालच्या कडेलाही ती आहेत, करंगळीच्या नखाएवढी. पावसाळा संपला की दरवाजा उघडून, वाकून ती शोधा आणि एखाद्या काडीने साफ करा. बहुतेकदा त्यांतून आधी माती येते आणि मागून पाणी.